तारा काढल्यानंतरचा खर्चही धरा

ताई, पुण्याच्या सिंहगड रोडहून तुम्ही लिहिलंय: तेरा वर्षांच्या मुलीला डीप बाइट, वरचे दात खालच्यांना जवळजवळ पूर्ण झाकतात. तारांचे ७०,००० रुपये, दोन वर्षं. महिन्याला सहा हजार शिल्लक पडतात, दीड लाखाची एफडी आहे. ती मोडावी का? दीर तर म्हणतात, दात परत फिरतातच, पैसे पाण्यात.

भाऊजींचं निम्मं खरं आहे. सरकवलेल्या दातांना हिरडीतले तंतू जुन्या जागेकडे ओढत राहतात, शिवाय या वयात जबड्याची वाढ चालूच असते. म्हणून तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा किंवा तार, लागतोच, वाढ थांबेपर्यंत तर नक्की, आणि पुढेही बहुधा रात्रीपुरता. तो वापरूनही बाइट थोडी खोल होऊ शकते. पण खालचे दात टाळूला टोचत असतील किंवा झिजत असतील, तर थांबणं महागात जाईल. हे डॉक्टरांना थेट विचारा. वाढीच्या वयात डीप बाइट सुधारणं सोपं जातं, त्यामुळे मी खर्च करा म्हणेन.

माझी हरकत कोटेशनला आहे. त्यात रिटेनर धरलाय का? नंतरच्या तपासण्या? दातांमागे चिकटवलेली तार सुटते, पारदर्शक रिटेनर तडकतो, आणि डबा खाताना टिशूत गुंडाळलेला रिटेनर टिशूबरोबर कचऱ्यात जातो. (हे सगळ्यांच्या घरी होतं, मुलीला रागावू नका.) त्यासाठी आजच ५०० रुपयांची आरडी उघडा. दोन वर्षांत १२,००० आणि वर व्याज.

एफडीला हात लावू नका, ती अडीनडीची आहे. वीस हजार आधी आणि उरलेले दर भेटीला थोडेथोडे, असं डॉक्टरांशी बोला. महिन्याला साधारण २,१०० पडतील. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा आपल्याच माथी येतो, रोखीची सूटही जाते. मेडिक्लेमवर विसंबू नका. अपघात सोडला तर तारांचा खर्च सहसा मिळत नाही.

एवढंही जड वाटलं तर धनकवडीच्या किंवा कॅम्पातल्या डेंटल कॉलेजात विचारा. तिथे एमडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे, विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बराच कमी येतो, शाळेचे अर्धे दिवस मात्र बुडतात. तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. आपला विद्यार्थी पास होऊन गेला तर केस कोणाकडे जाणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.