जीएनएमचे ‘क्रेडिट’ आणि ऑनलाइन नर्सिंगची पदवी

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगची तीन वर्षांची पदविका) झाले असून सोलापुरात खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. एका एजंटने सांगितलं, की जीएनएमच्या तीन वर्षांचे क्रेडिट (श्रेयांक) ट्रान्सफर करून परराज्यातल्या विद्यापीठात ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंगच्या थेट शेवटच्या वर्षाला प्रवेश मिळवून देतो. मी 60 हजार रुपये आणि मूळ कागदपत्रं दिली. आता प्रवेश मागच्या सत्रातला दाखवायचा म्हणून जुनी तारीख घालून फॉर्मवर सही मागतोय. उरलेले 80 हजार द्यावेत का?

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. आणि त्या फॉर्मवर सही तर कुठल्याही परिस्थितीत करू नका.

पैशांचं नंतर बघू, आधी सहीचं. आज तुमची फसवणूक झाली आहे, कायदा तुमच्या बाजूने आहे. पण जुन्या तारखेवर सही केलीत आणि न दिलेल्या परीक्षांची गुणपत्रिका उद्या भरतीच्या अर्जाला जोडलीत, तर बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम 340) तुमच्यावरच येतो. तुम्हाला सगळं ठाऊक होतं याचा पुरावा म्हणून तोच फॉर्म पुढे केला जाईल. एजंट तोवर फोन बदलून मोकळा झालेला असतो. कागदपत्र पडताळणीच्या टेबलासमोर उभं राहावं लागतं ते सिस्टरला.

आता पदवीचं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जे विषय ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवायला विद्यापीठांना मनाई केली आहे, त्यांत नर्सिंग आहे. वॉर्डमधली ड्युटी, प्रसूतिकक्ष, रुग्णाजवळचं प्रात्यक्षिक मोबाइलवर होत नाही, म्हणून ती मनाई आहे आणि ती योग्यच आहे. अशी पदवी हातात आली, तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिची नोंद होणार नाही, आणि नोंदीशिवाय त्या कागदाला नोकरीत किंमत नाही. नियामकाची मान्यता न घेता दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली कशी कात्री लावली, ते ओडिशातल्या लिफ्ट इरिगेशन महामंडळाच्या प्रकरणात दिसलं. विद्यार्थ्यांनी फी भरली होती, नोकऱ्याही धरल्या होत्या.

‘क्रेडिट’ या शब्दाने तुम्हाला भुलवलं गेलं. जीएनएम ही पदविका आहे, तिची परीक्षा वार्षिक गुणांची. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटचं सरकारी डिजिटल खातं) क्रेडिट जमा करते ती शिक्षणसंस्था. एजंटला त्या खात्यात काही भरता येत नाही. तुमची तीन वर्षं कायद्याने जिथे धरली जातात ती जागा आहे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, नियमित दोन वर्षं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची त्या वर्षाची मान्यता आहे का आणि ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, ते स्वतः पाहा. नोकरी सोडणं शक्य नसेल तर इग्नूचा (केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचा) पोस्ट बेसिक अभ्यासक्रम हा अपवाद आहे. त्यालाही प्रवेश परीक्षा, नोंदणीनंतरचा अनुभव आणि केंद्रावरची प्रात्यक्षिकं चुकत नाहीत. यंदाची प्रवेश अधिसूचना वाचूनच ठरवा.

आता 60 हजारांचं. एजंटशी यापुढे फोनवर बोलू नका, लेखी बोला. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, यूपीआयच्या नोंदी, जाहिरातीचं पत्रक सगळं जपून ठेवा. ‘जुन्या तारखेची सही करा’ हा त्याचा मेसेज असेल तर तो सोन्याच्या मोलाचा आहे. मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस द्या : 15 दिवसांत पैसे आणि मूळ कागदपत्रं परत करा. दिली नाहीत, तर फसवणूक (कलम 318) आणि विश्वासघात (कलम 316) यांची तक्रार पोलीस ठाण्यात करा, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही जा. तक्रार सोलापुरातच दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. ‘शिक्षण ही सेवा नव्हे’ असा बचाव समोरून येईल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 साली तसा निर्णय दिलेला आहे, हे खरं. पण तो शिक्षणसंस्थांबद्दलचा आहे, कमिशनवर प्रवेश विकणारा माणूस शिक्षणसंस्था नव्हे. शिवाय मान्यतेबद्दल खोटी जाहिरात करणाऱ्या दंत महाविद्यालयाला सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सोडलं नव्हतं.

कागदपत्रं परत घेताना एकेक तपासा, विशेषतः परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र. ‘सर्व मिळाले, काही येणे नाही’ असं लिहून देऊ नका. फक्त मिळालेल्या कागदांची यादी करून त्यावर सही करा.