लाइक हजार, ऑर्डर तेवीस : जाहिरातीच्या खर्चाबद्दल तुमचे प्रश्न

छोट्या धंद्याच्या जाहिरातीवर किती आणि कसा खर्च करावा, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सांगली-साताऱ्याकडून आलेल्यांपैकी पाच इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत, आकडे तुमचेच आहेत.

प्रश्न : आम्ही घरी बेदाणा पॅक करून विकतो. फेसबुकवर रोज २०० रुपये घालून महिनाभर पोस्ट बूस्ट केली. हजारावर लाइक आले, ऑर्डर मात्र २३. सहा हजार पाण्यात गेले का? (तासगाव)

ताई, ते लाइक मोजून कळत नाही, वही काढावी लागते. आधी एक दुरुस्ती. गेले ते सहा हजार नव्हेत. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ७,०८० रुपये. (तुमची जीएसटी नोंदणी नेहमीची असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्हाला भरायच्या करातून तो वजा होतो; कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या कर योजनेत असाल तर नाही.) त्याला २३ ने भागा. एका ऑर्डरमागे ३०८ रुपये पडले. किलोमागे ११० सुटतात आणि बहुतेकांनी दोन-दोन किलो घेतला, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे २२० मिळवायला ३०८ घातले.

बरेच जण इथेच जाहिरात बंद करतात. पण वहीत आणखी एक रकाना आखा : यातल्या कितींनी पुन्हा मागवला? बेदाणा ही संपणारी वस्तू आहे, फ्रिज नव्हे. २३ पैकी दहा जणांनी वर्षात आणखी दोनदा दोन-दोन किलो घेतला, तर एकूण सुटतात ९,४६०. मग तोच ७,०८० चा खर्च फायद्यात गेला. त्यामुळे पुढचे हजार रुपये बूस्टला घालण्याआधी त्या २३ जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवा माल आलाय’ एवढं कळवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता लाइकचं. नुसतं बूस्ट दाबलं आणि उद्देश बदलला नाही, तर फेसबुक बहुतेक वेळा लाइक-कमेंट करणारी माणसं शोधून आणतं. मागितलं तेच दिलं त्यानं! अ‍ॅड्स मॅनेजर या फेसबुकच्या जाहिरातीच्या पानावर जाऊन उद्देश ‘विक्री’ निवडा, किंवा ‘एंगेजमेंट’ निवडून त्यात मेसेजचा पर्याय घ्या. आणि जाहिरात दाखवायच्या भागात तुम्ही सांगली जिल्हा टाकलाय. अहो, जिथे बेदाण्याचे सौदे निघतात तिथेच बेदाण्याची जाहिरात म्हणजे कृष्णाकाठी पाण्याची टपरी टाकण्यासारखं झालं. पुणे, ठाणे, नाशिक घ्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं आहे. मात्र तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली नसेल, तर पाकिटावर तो शिक्का छापू नका.

प्रश्न : कासच्या रस्त्यावर आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. गुगलवर वर्षभर रोज ३०० रुपयांची जाहिरात चालू असते. क्लिक भरपूर, बुकिंग कमी. (सातारा)

गुगल दर क्लिकमागे पैसे घेतं. तुमचा ‘सर्च टर्म्स’चा स्क्रीनशॉट पाहिला. लोकांनी काय टाइप केलं आणि तुम्ही कशाचे पैसे भरलेत? ‘कास पठार फोटो’, ‘कास पठार तिकीट’, ‘कास पठार माहिती मराठी’. शेवटचा बहुधा शाळेचा निबंध असावा. पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे आणि पास ऑनलाइन मिळतो, त्यामुळे पास शोधणारा जो तो तुमच्या जाहिरातीवर आपटतोय. फोटो, तिकीट, पास, निबंध, नोकरी हे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’च्या यादीत टाका, म्हणजे ते शोधणाऱ्याला तुमची जाहिरात दिसणारच नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

वर्षभर जाहिरात कशाला? फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यातले शनिवार-रविवार जाहिरातीशिवायही भरत असतील. तुमच्याच रजिस्टरमध्ये बघा. मग पैसा मंगळवार-बुधवारच्या मुक्कामासाठी लावा, गर्दी नको असलेल्या निवृत्त जोडप्यांसाठी, आणि पुणे-पिंपरीत दिसेल असा. खोल्या भरल्या की त्याच मिनिटाला जाहिरात थांबवा.

रोजच्या बजेटबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ३०० म्हटलं तरी गुगल एखाद्या दिवशी ६०० पर्यंत खर्च करू शकतं. महिन्याचा हिशोब मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. एका दिवसाचं बिल बघून घाबरू नका.

प्रश्न : आमच्या वडापावच्या धंद्यासाठी दहा हजार फॉलोअर विकत मिळतायत. घ्यावेत का? (इस्लामपूर)

नको. ती खाती वडापाव खायला इस्लामपूरला येणार नाहीत.

प्रश्न : मिरजेत दहावीचे क्लासेस आहेत. पेपरातून पत्रकं टाकावीत, चौकात फ्लेक्स लावावा, की ऑनलाइन जाहिरात करावी?

तुमचं गिऱ्हाईक चार-पाच किलोमीटरच्या आत राहतं, तेव्हा पत्रकाला मी अजूनही नावं ठेवत नाही. पण टाकायला दिलीत आणि घरी झोपलात, असं करू नका. पहाटे साडेचारला जिथे पेपरची वाटणी होते तिथे एकदा जाऊन उभे राहा. पोरं फरशीवर मांडी घालून एका हातानं पेपर उघडतात, दुसऱ्या हातानं पत्रक सरकवतात, बोलतबोलत. ज्या गठ्ठ्याजवळ कुणी उभं नसतं, तो कधीकधी जिन्याखालीच राहतो. मी पाहिलाय, आणि तो माझाच होता.

त्याहून मोठी चूकही माझीच. एका क्लाससाठी पाच हजार पत्रकं छापली, वाटली, आणि आठ दिवस एकही फोन नाही. मी पालकांना दोष देत बसलो. मग क्लासच्या सरांनी पत्रकावरचा नंबर स्वतः लावला, तर फोन एका टायरवाल्यानं उचलला. शेवटून दुसरा आकडा चुकला होता. तो बिचारा आठवडाभर पालकांना ‘राँग नंबर’ सांगत होता. तेव्हापासून प्रूफवरच्या नंबरला स्वतः फोन लावल्याशिवाय मी छपाईला हो म्हणत नाही.

पत्रकं दोन रंगांत छापा, एका भागात पिवळी, दुसऱ्यात गुलाबी, आणि ‘पत्रक आणल्यास चाचणी मोफत’ असं लिहा. टेबलावर पडलेले रंग मोजले की पुढच्या वेळी कुठला भाग सोडायचा ते कळेल. दहावीचे क्लास अनेक घरांत मार्च-एप्रिलमध्येच ठरतात, जूनचं पत्रक उशिराचं. फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते. विनापरवाना लावलात तर दंड, शिवाय फ्लेक्स उतरवून नेतील तो वेगळा. ऑनलाइन जाहिरात केलीत तर गुगलच्या लोकेशन सेटिंगमध्ये ‘त्या भागात रस असलेले’ काढून ‘त्या भागात असलेले’ एवढंच ठेवा. नाहीतर मिरजेच्या सतारीबद्दल शोधणारा बंगालमधला माणूसही तुमच्या क्लासवर क्लिक करेल. होमस्टेला तो रस चालतो, क्लासला नाही.

प्रश्न : आमच्या हळदीच्या गोळ्यांवर एक इन्फ्लुएन्सर २५ हजारांत रील करायला तयार आहे. ‘शुगर कायमची जाते’ असं ती म्हणणार आहे. परवडेल का? (सांगली)

२५ हजारांचा प्रश्न नंतर. मधुमेह बरा होतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंदी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि हा दंड रील करणाऱ्या बाईंनाही लागू शकतो. पैसे घेऊन केलेली रील जाहिरात आहे हे त्यांना स्पष्ट दाखवावंही लागतं.

ते वाक्य काढून नुसती सांगलीची हळद दाखवायला त्या तयार असतील, तर आधी त्यांच्या जुन्या रीलखालच्या कमेंट वाचा. ‘मस्त ताई’ किती आणि ‘कुठे मिळेल, केवढ्याला’ किती, ते मोजा. दुसऱ्या प्रकारच्या पाचही सापडल्या नाहीत, तर तेच २५ हजार दुकानात येणाऱ्यांना ५० ग्रॅमची नमुन्याची हळद वाटायला वापरा.