मानवी भूगोलात पीएचडी करून विद्यापीठात संशोधन-अध्यापनाचं करिअर होतं का, की रिमोट सेन्सिंगच (उपग्रह प्रतिमांवरून भूभागाचा अभ्यास) घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की एम.ए. भूगोल झालं, नेट-जेआरएफ (संशोधनाची राष्ट्रीय फेलोशिप) निघाली, स्थलांतरावर पीएचडी करायची इच्छा आहे, पण विभागातले एक सर सांगतात, "मानवी भूगोल म्हणजे समाजशास्त्रच, त्यात पुढे काही नाही, रिमोट सेन्सिंग घे." हे वाक्य मी विद्यार्थिनी असल्यापासून ऐकत आलेय. म्हणून सविस्तर लिहिते.

हो, करिअर होतं. मी एका विद्यापीठात शिकवते, संशोधन करते, आणि माझं सगळं काम हंगामी स्थलांतरावर आहे. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे एसआरएफचे, म्हणजे त्याच फेलोशिपच्या वरच्या टप्प्याचे 42,000, वर घरभाडं. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. हे तुम्हाला माहीत असणारच. पीएचडी आणि कायम जागा यांच्या मधला काळ कठीण जातो, त्यावर खाली लिहिते. आधी ते "हा भूगोल नाही" प्रकरण.

माझा प्रबंध मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांवर होता. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या भागातून टोळ्या निघतात आणि सांगली, सातारा, कोल्हापूर, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. प्रबंध सादर करण्याआधीच्या सेमिनारला बाहेरून एक ज्येष्ठ तज्ज्ञ आले होते. मी एकाच टोळीचे पंधरवड्यागणिक नकाशे दाखवले. टोळी कुठल्या गावच्या फडात (उसाच्या शेतात) आहे, कारखाना किती लांब, पाणी कुठून येतं, जवळची शाळा आणि दवाखाना कुठे, यातलं काय कधी हाताशी असतं आणि काय नसतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात भूगोल कुठे आहे?"

मी म्हटलं, "कोण कुठे आहे, कधी आहे आणि तिथेच का आहे, हेच दाखवतेय सर." त्यावर ते म्हणाले, हे समाजशास्त्राचे लोक करतील, तुम्ही उपग्रह प्रतिमा घ्या, उसाखालचं क्षेत्र काढा, कारखान्याभोवती बफर (नकाशावर ठरावीक अंतराचा पट्टा) टाका. माझे मार्गदर्शक शेजारीच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. एक प्रकरण वाढवावं लागलं, त्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. ते प्रकरण मी मन लावून लिहिलं. उसाखालचं क्षेत्र कुठे आणि किती वाढलं, हे त्यातून चांगलं कळतं. प्रतिमेत फड उभा दिसतो आणि नंतर मोकळा दिसतो. तो मोकळा कुणी केला, हे प्रतिमा सांगत नाही.

प्रबंध उभा राहिला तो मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याच्या वहीवर. कारखान्याच्या अड्ड्यावर (कामगारांच्या तळावर), कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या झोपडीसमोर बसून ती मी पहिल्यांदा पाहिली. लांबट वही, कडा उसाच्या चिकट हातांनी काळ्या पडलेल्या. डावीकडे नाव, मग उचल (आगाऊ घेतलेले पैसे), मग टन, मग खाडे. सगळी नावं पुरुषांची. एक नाव म्हणजे एक कोयता आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बाई पहाटे उठून भाकरी करते, फडात जाते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. तिचं नाव वहीत नाही. तिला जमलं नाही तर खाडा मात्र पडतो, तोही नवऱ्याच्या नावापुढे. एका नावापुढे खाड्याच्या रकान्यात ओळीने फुल्या होत्या. मी विचारलं, हा माणूस आजारी होता का? मुकादम म्हणाला, "नाही ओ मॅडम, त्याची बाई बाळंत झाली."

त्या फुल्या पाहिल्यावर मी जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते पुन्हा काढून बसले. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे गाळप ऐन भरात असताना. गावात दारोदार कुलपं, नाहीतर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं. नियम असा की या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. त्यासाठी प्रगणक, म्हणजे जनगणनेची नोंद करणारा, अड्ड्यावरच्या कोपीपर्यंत गेला पाहिजे. गेला, तरी स्थलांतराचं कारण एकच लिहायचं: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत वगैरे. दर वर्षी कोयता घेऊन बाहेर पडणारी बाई या तक्त्यात "लग्न" किंवा "कुटुंबासोबत" होऊन बसते. वहीत नवऱ्याच्या नावाखाली, तक्त्यात लग्नाच्या रकान्याखाली. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2007-08 मध्ये अल्पकालीन स्थलांतरित कोण, तर वर्षभरात एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेली व्यक्ती, अशी व्याख्या घेतली. हंगाम लांबून सहा महिने भरले की तीच बाई या व्याख्येतूनही बाहेर.

हे समाजशास्त्र आहे का? रॅव्हेन्स्टाईन या भूगोलतज्ज्ञाचे स्थलांतराचे नियम आपण सगळे एम.ए.ला पाठ करतो. 1885 च्या त्या निबंधात त्यांनी ब्रिटनची जनगणना पाहून लिहिलंय की स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात, आणि त्या नुसत्या घरकामाला जात नाहीत, कारखानदारीच्या भागांतही तितक्याच जातात. स्थलांतराच्या भूगोलाची सुरुवातच बाईच्या कामाच्या नोंदीपासून होते, आणि आपल्याकडे ती नोंद कोणी नीट करायला घेतली की तिला विभागाबाहेरचा दरवाजा दाखवतात. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वे यांनी 1969 मध्ये भूगोलातल्या शास्त्रीय पद्धतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याच वर्षी ते अमेरिकेत बाल्टिमोरला गेले आणि तिथे घरभाडं, झोपडपट्ट्या, घरासाठी कर्ज कुणाला मिळतं आणि कुठल्या वस्तीला मिळत नाही, यावर काम केलं. त्या कामाला आज जगभर भूगोल म्हणतात. दुसरीकडे हार्वर्डने 1948 मध्ये भूगोल विभागच बंद केला. त्याला कारणं अनेक होती, पण भूगोल म्हणजे नेमकं काय, हे तिथल्या भूगोलवाल्यांना विद्यापीठाला पटवून देता आलं नाही, हे त्यातलं एक. आपल्याच विषयाचा अर्धा भाग दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढे नोकरीच्या मुलाखतीतही मला तोच प्रश्न आला, जवळजवळ त्याच शब्दांत. या वेळी मी मुकादमाच्या वहीच्या रकान्यांचा आराखडा आणि जनगणनेचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवला आणि सांगितलं की या दोन्हींत जी बाई सापडत नाही ती फेब्रुवारीत नेमकी कुठे असते, हे मी नकाशावर दाखवू शकते. निवड झाली. निवड फक्त या उत्तरामुळे झाली असा माझा दावा नाही, पण निवड समितीच्या सदस्यांनी त्यानंतर सगळे प्रश्न त्या नकाशावरच विचारले.

2021 ची गणना झालीच नाही, आता ती 2027 मध्ये होतेय आणि संदर्भ तारीख 1 मार्च आहे. म्हणजे पुन्हा गाळप हंगाम. तुम्हाला स्थलांतरावर काम करायचंय ना? मग गणनेच्या दिवसांत अड्ड्यावर जा, प्रगणक येतो का, आला तर कोपीत कुणाशी बोलतो आणि बाईच्या नावापुढे काय लिहितो, ते पाहा. इतकी चांगली संधी नव्या संशोधकाला वारंवार मिळत नाही. कोर्सवर्कच्या (पीएचडीच्या सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाच्या) 12 क्रेडिटचं कारण सांगून विभाग थांबवायला बघेल. तासिकांचं वेळापत्रक आधीच बसवून घ्या, पण हंगाम सोडू नका.

आता तुमच्या सरांच्या बाजूने जे बोलायला हवं ते. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याची पद्धत) शिका, आणि नीट शिका. आज ते येत नसेल तर मानवी भूगोलाच्या माणसाचीही निवड होणं अवघड आहे. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मी रोज वापरते, ते पंधरवड्यांचे नकाशेही त्यातच केले होते. माझं भांडण त्या साधनाशी नाही. साधनाला विषय समजून विद्यार्थ्याचा प्रश्न काढून घेतात, त्याच्याशी आहे. आणि तुमचं मन खरोखर प्रतिमांमध्ये रमत असेल तर बेलाशक तिकडे जा, खासगी क्षेत्रात त्याला मानवी भूगोलापेक्षा जास्त मागणी आहे.

दुसरं, पैशांचं. महाराष्ट्रात पीएचडीनंतर तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरत्या पगारावर) वर्षानुवर्षं काढणारे माझ्या ओळखीचे लोक आहेत, आणि ते माझ्यापेक्षा हुशारीत कमी नाहीत. सुट्टीत पगार नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. घरात लगेच पगार यायला हवा अशी स्थिती असेल तर जेआरएफच्या पाच वर्षांतच नोकरीचे अर्ज सुरू करा, आणि राज्याबाहेरही करा. फक्त आपल्या जिल्ह्यातच हवं म्हणाल तर मग या क्षेत्रात येऊ नका. मुलींना आणखी एक सांगते: फडावर आणि अड्ड्यावर एकट्याने रात्री थांबू नका, गावातल्याच एखाद्या बाईला सोबत घ्या आणि तिच्या रोजाचे पैसे प्रकल्पात आधीच मांडा.

पीएचडी कुठे करावी? मानवी भूगोलासाठी दिल्लीच्या जेएनयूचं प्रादेशिक विकास अभ्यास केंद्र बघा. 1971 मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथे भूगोल, अर्थशास्त्र आणि लोकसंख्येचा अभ्यास एका छपराखाली चालतो, त्यामुळे "हे कुठल्या विषयात बसतं" यात वेळ जात नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला भूगोल विभागही बघा. पुणे विद्यापीठाच्या भूगोलाचं नाव मोठं आहे, पण ते भूरूपशास्त्रामुळे (डोंगर-नद्यांसारख्या भूरूपांच्या अभ्यासामुळे) मोठं झालं, हे जाण्याआधी समजून घ्या. बाहेर जायचं असेल तर ब्रिटनमध्ये मानवी भूगोल ही पूर्ण मान्य शाखा आहे. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाकडे जास्त बघा. त्यांचे शोधनिबंध वाचाच, पण त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा, सेमिनारमध्ये बाहेरच्या तज्ज्ञाने तुम्हाला अडवलं तेव्हा सर काय बोलले? मॅडम काय बोलल्या? विद्यार्थी विचारात पडला, किंवा "ते काही बोलले नाहीत" म्हणाला, तर त्यांच्याकडे कितीही प्रकल्प असोत, नाव नोंदवू नका.