रेडिएटर : जाळी कशाने गेली ते आधी बघा

प्रश्न : वडिलांची १९६८ सालची महिंद्रा जीप आहे, पेट्रोलची, सीजे-३बी. गावात फिरताना काही होत नाही, पण हायवेला साठच्या वर पाच-सात किलोमीटर गेलं की काटा लालात जातो. गॅरेजवाले म्हणतात, तांब्याची जाळी भंगारात घाला, ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवून देतो. काय करू? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : भंगारात घालू नका. तुमच्या पत्रातली ‘गावात थंड, हायवेला गरम’ ही खूण फार मोलाची आहे. उभ्या गाडीत काटा चढला असता तर मी आधी पंखा आणि बेल्ट बघायला सांगितलं असतं. वेगात वारा भरपूर मिळतो. तरी गाडी तापते, म्हणजे पाणी फिरायला कमी पडतंय. एकदा इंजिन रेस करून खालचा रबरी पाइप बघा. तो चेपत असेल तर दोष पाइपचाच, जाळी उघडायचीसुद्धा गरज नाही. पाइप ठीक असेल तर गाडी तापवून इंजिन बंद करा, पंखा थांबू द्या, आणि जाळीला न टेकवता तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मध्येच गार पट्टा जाणवला की समजा तिथल्या नळ्या मेल्या. झाकण मात्र तेव्हा उघडू नका, अंगावर उकळतं पाणी येतं.

मागच्या महिन्यात अशीच एक जाळी माझ्याकडे आली होती. बत्तीने डाख (सांधे जोडायला वितळवून लावलेला धातू) ढिला करून वरची टाकी उचलली, तर नळ्यांच्या तोंडांवर पांढरा कडक थर होता, घरच्या बंबात धरतो अगदी तसा. गाडीवाल्याने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. आमच्या घरात तांबटकाम होतं, त्यामुळे असले बंब लहानपणापासून हाताखालून गेलेत. बंबाला क्षार धरला तर फार तर लाकूड जास्त जळतं. जीपच्या नळीची फट जेमतेम दोन मिलिमीटरची, तिथे तेवढाच थर इंजिनाच्या जिवावर उठतो.

तांब्या-पितळेची जाळी मला प्रिय आहे, कारण ती पुन्हा उघडता येते. कथील-शिशाचा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो, पितळ वितळायला ९०० च्या पुढे जावं लागतं. म्हणून टाकी काढायची, नळ्यांतून चपटी पट्टी मारून क्षार खरवडायचा, आणि तीच टाकी परत डाख देऊन बसवायची. धातूला काही होत नाही. बाजारातल्या बऱ्याच ॲल्युमिनियम रेडिएटरना प्लॅस्टिकची टाकी कडा चेपून बसवलेली असते, तिथे हे जमत नाही.

पण पट्ट्या मारण्याआधी नळ्यांमधली तांब्याची पाती नखाने दाबून बघा. हिरवी पडून चुरा होत असेल तर जाळी संपली. मग टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या मूळच्याच ठेवून फक्त कोअर, म्हणजे नळ्या आणि पात्यांचा मधला भाग, नवीन करून घ्या. कारागिराला उंची, रुंदी, जाडी, नळ्यांच्या ओळी आणि एका इंचात किती पाती आहेत, हे सगळं जुन्यावरून मोजायला लावा. नळ्या कमी घालून पैसे वाचवणारे असतात, म्हणून जुना कोअर परत मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून स्वतः मोजा. ‘एक ओळ वाढवून द्या’ असा हट्ट धरू नका. मागच्या ओळीला पुढच्यांनी तापवलेली हवा मिळते, फायदा वाटतो तेवढा होत नाही, आणि पंखा जाळीला घासायची भीती वेगळीच. शेवटी जाळी पाण्यात बुडवून हवा भरायची, ती तुमच्यासमोर. बुडबुडा कुठून येतो ते डोळ्यांनी बघा.

झाकण मूळ दाबाचंच लावा. दर एक पौंड दाबाला उकळबिंदू दीड-पावणेदोन अंशांनी वाढतो हे खरं आहे, पण नव्या कारचं १३-१५ पौंडाचं झाकण जुन्या डाखावर लावलं तर सांधे फाटतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) कुणी काढून टाकला असेल तर परत बसवा.

प्रश्न : ऊसतोडणी यंत्र गेल्या हंगामात दर दोन तासांनी तापायचं. ड्रायव्हर रोज प्रेशरच्या पाण्याने रेडिएटर धुतो. आता तो गळायला लागलाय. कंपनीचा नवीन घ्यावा की मापाने बनवून घ्यावा? – यंत्रमालक, माळशिरस

उत्तर : दोन्हींच्या आधी ते धुणं थांबवा. पाचटाचं कुसळ, धूळ आणि कुठून तरी झिरपणारं हायड्रॉलिक तेल एकत्र आलं की जाळीवर लिंपण बसतं. समोरून प्रेशर मारला की ते आणखी आत जातं आणि पाती वाकतात. आधी तेलाची गळती बंद करा. मग हवा जाळीतून ज्या बाजूला बाहेर पडते, त्या बाजूने काँप्रेसरची हवा उलटी मारा. तेलाचा कूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतील तर बोल्ट काढून त्यांच्यामधली फट उघडा. मी पाहिलेल्या बहुतेक यंत्रांत खरा गाळ तिथेच असतो, बाहेरून जाळी स्वच्छ दिसते.

बनवून घेणार असाल तर धुळीसाठीच बनवा. कारमध्ये एका इंचात चौदा-सोळा पाती चालतात, उसाच्या फडात आठ-नऊ पुरे. पाती सरळ हवीत, कापे नसलेली. नळ्या आडव्या-तिडव्या नकोत, एकामागे एक सरळ ओळीत हव्यात, म्हणजे हवा मारली की कचरा आरपार निघतो. पाती कमी केली की थंडावा थोडा घटतो, म्हणून जागा असेल तिथे उंची-रुंदी वाढवून घ्या. कागदावर हा रेडिएटर कमजोर दिसेल, पण फडात चार तासांनीही मोकळा राहील. तांब्या-पितळेचा केलात तर वजन वाढेल. खालचे रबरी पाय नवीन घाला, नाहीतर हादऱ्याने कोपऱ्यातल्या नळ्यांचे सांधे पहिल्याच हंगामात उकलतील. काम दिवाळीआधी, गाळप सुरू व्हायच्या आधी द्या. फड चालू असताना घाईत केलेला डाख मला स्वतःला पसंत पडत नाही.

प्रश्न : ट्रॅक्टरचा रेडिएटर गळत होता. मेकॅनिकने हळद टाकली आणि गळती थांबली. तशीच राहू द्यावी का? – शेतकरी, जत

उत्तर : रानातून घरी यायला हळद ठीक आहे. पण ती भोकापुरती थांबत नाही, अरुंद नळ्यांतही बसते. याच आठवड्यात पाणी काढून सगळं धुवून घ्या आणि भोकाला डाख द्या. नंतर बोअरचं पाणी न घालता बॅटरीचं शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ किंवा अंगणात ओतू नका, उघड्या घमेल्यातही ठेवू नका. ते चवीला गोड असतं, कुत्रं-वासरू चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.