गावी नेलं तरी पोरगा मोबाइलच घेऊन बसतो

एप्रिल उजाडला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: "महिनाभर गावी जातोय, मुलांना गुंतवायचं कसं?" गेल्या वर्षी ठाण्याच्या एका आईने तर वेळापत्रकच आखून आणलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासर राजापूर तालुक्यात, मुलगा आठवीत, मुलगी दुसरीत. सकाळी योगासनं, मग वारली चित्रं, दुपारी टाकाऊतून टिकाऊ, संध्याकाळी इंग्रजी वाचन. रंगीत पेनांनी काढलेलं, अगदी देखणं.

मी विचारलं, "यातलं कुठलं काम मुलाने केलं नाही तर घराचं अडेल?"

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "तसं कुठलंच नाही."

तेरा वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळतं. आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलंय हा वास आला की तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. आणि कोकणातल्या घरात मे महिन्यात कामं शोधावी लागतात होय? मृगाच्या आत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धांदल असते. कौलं चाळायची, लाकडं आत घ्यायची, रातांबे फोडून आमसुलं घालायची.

आमसुलं मुलाकडे द्यायची ठरली. विचारायचं आजीला, पण जबाबदारी त्याची. छपरावर चढायचं नाही. कौलं खालून वर द्यायची, फुटकी मोजायची आणि नवी किती आणायची ते वडिलांना सांगायचं. वडिलांना एकच अट घातली: त्याने केलेलं काम मागाहून परत करायचं नाही. "अहो, तो चुकेल की!" चुकू दे म्हटलं.

पहिला आठवडा वाईटच गेला. घरात रेंज नाही, म्हणून स्वारी सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जाऊन बसायची. आईचा फोन आला, "काही उपयोग नाही हो." मी म्हटलं, कंटाळू दे त्याला, तुम्ही मध्ये पडू नका.

आमसुलांना लक्ष लागतं. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. आजीच्या हिशेबाने सात पुटं. असंच एकदा हा सड्यावर असताना वळवाची सर आली आणि सगळी सालं भिजली. वडील ओरडणार, तोच आजीने त्यांना हाताने थांबवलं. "किती वाचतात बघ रे," एवढंच ती नातवाला म्हणाली. त्याने सालं निवडली, पडवीत पसरली, संध्याकाळी चुलीजवळ नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून सड्यावर जाताना धाकटीला राखणीला बसवायला लागला. मोबदला जांभळांचा, असं कळलं.

मोबाइल सुटला नाही, आणि मी तसं म्हटलंही नव्हतं. मात्र मूल सगळ्यांतून अंग काढून घेतंय, झोप-भूक बिघडलीय, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर तो कंटाळा नव्हे. तेव्हा आमसुलांच्या भरवशावर राहू नका, तज्ज्ञाला दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

जूनमध्ये आईचा प्रश्न बदलला होता. ठाण्याच्या दोन खोल्यांत कौलं कुठली नि रातांबे कुठले? बरंच शोधल्यावर दळण सापडलं. पिठाचा डबा बघायचा त्याने, गिरणीत कधी जायचं तेही त्यानेच ठरवायचं. विसरला, तर त्या रात्री सगळ्यांना नुसता भात.