‘प्रौढ मूलपेशी’तलं प्रौढ कोण?

कामठीच्या एका ताईंनी विचारलं आहे: भाच्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विषय काढला आणि एक माहितीपत्रक हातात दिलं. त्यात ‘प्रौढ मूलपेशी’ असा शब्द आहे. म्हणजे दाता प्रौढच लागतो का? भाच्याची बहीण लहान आहे, ती चालणार नाही का? आणि मूलपेशी म्हणजे मुलाच्या पेशी असतील, तर त्या प्रौढ कशा?

आधी काळजीचं उत्तर. बहीण लहान आहे एवढ्यावरून ती बाद होत नाही. ‘प्रौढ’ हे विशेषण दात्याच्या वयाचं नाही. गर्भ चार-पाच दिवसांचा असतो तेव्हा त्यातल्या काही पेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते. त्या भ्रूणातल्या मूलपेशी. पुढे अवयव तयार झाले की जागोजागी थोड्या पेशी राखीव राहतात आणि आपापल्या भागाची झीज भरून काढतात. मज्जेतल्या रक्त घडवतात, आतड्यातल्या त्याचं अस्तर, कातडीतल्या कातडी. भ्रूणाहून वेगळ्या दाखवायला इंग्रजीत यांना ‘अ‍ॅडल्ट’ म्हणू लागले. लहान मुलांच्या अंगात त्या असतातच, नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्तातल्याही याच गटात धरतात. मराठीत मात्र प्रौढ म्हटलं की प्रौढ मतदान, प्रौढ शिक्षण डोळ्यांपुढे येतं. ताईंचा गोंधळ झाला तो शब्दामुळे, आणि असा शब्द रुग्णाच्या हाती द्यायच्या पत्रकात नसावा असं मला ठामपणे वाटतं.

आता ‘मूल’. हा संस्कृतातला मूल, म्हणजे मूळ. लेकराशी संबंध नाही. काही ठिकाणी ‘स्कंधपेशी’ असंही छापतात, कारण इंग्रजीत या पेशींना ‘स्टेम सेल’ म्हणतात आणि ‘स्टेम’ म्हणजे खोड. पण या शब्दाचा उगम जर्मन आहे. हेकेल या जीवशास्त्रज्ञाने 1868 मध्ये ‘श्टामत्सेल’ हा शब्द वापरला, तो वंशवृक्षाच्या संदर्भात: जिच्यापासून पुढचे सगळे जीव निघाले ती आदिम पेशी. आपल्याकडे घराण्याचा मूळपुरुष म्हणतात, अगदी तोच अर्थ. म्हणून स्कंधापेक्षा मूळ सरस, आणि तोही ळ लावून. ‘मूळपेशी’ म्हटलं की लेकराचा घोटाळा उरत नाही. ‘प्रौढ’ गाळून जागा सांगावी: रक्ताची मूळपेशी, कातडीची मूळपेशी.

मज्जेबद्दलही सांगतो, कारण ‘अस्थिमज्जा’ ऐकून लोक पाठीच्या कण्याला सुई लागेल म्हणून घाबरतात. सावजी रश्श्यातली नळी ठोकल्यावर गर निघतो, ती मज्जाच. फक्त मोठ्या माणसाच्या नळीच्या हाडात बरीचशी पिवळी, चरबीची मज्जा असते. रक्त घडवणारी लाल मज्जा मुख्यतः कमरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांत. दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून ती सुईने काढतात, कणा सोडून. रुग्णाची जुनी मज्जा आधी औषधांनी संपवलेली असते. मग नवी मज्जा रक्त चढवावं तशी शिरेतून देतात, आणि त्या पेशी आपसूक हाडात जाऊन वसतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त दिसू लागतं. माणसांवर हा उपचार आणला डॉनल टॉमस या अमेरिकी डॉक्टरांनी. पहिले प्रयोग 1957 मध्ये छापले, 1990 मध्ये नोबेल मिळालं.

सिकलसेल मुळापासून बरा करायला हाच आजवरचा रुळलेला मार्ग. त्यात जोखीम आहे, म्हणून दाता जुळणं फार महत्त्वाचं. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. त्यांच्या तपासणीत सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 4 पैकी 1. बहिणीला स्वतःला सिकलसेलचा आजार नसावा. ती फक्त वाहक असेल, म्हणजे सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलं असेल, तर चालतं.

आणखी एक. ‘मूळपेशींनी उपचार’ ही पाटी मधुमेह, गुडघेदुखी, स्वमग्नता अशा सगळ्यांवर लावलेली दिसते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या आजारांसाठीचं हे प्रत्यारोपण मान्य उपचार आहे. बाकीचे वापर प्रयोग म्हणूनच व्हावेत असं त्यांचं म्हणणं. शब्द एकच, पण भाच्याचा उपचार आणि त्या जाहिराती एका पंक्तीतल्या नाहीत.

तेव्हा ताई, डॉक्टरांना एवढंच विचारा: बहिणीची एचएलए तपासणी कधी करायची?