कॅलिब्रेशनला 'धडा' म्हणावं का?

मालवणच्या एका शिक्षिकांनी विचारलंय: चांद्रयान-२ वरच्या, सूर्याचे क्ष-किरण ऊर्जेप्रमाणे मोजणाऱ्या वर्णपटमापकावर (XSM) मुलांसाठी टिपण लिहितेय, त्यातल्या ऊर्जापट्टीच्या कॅलिब्रेशनला (मोजपट्टी अचूक जुळवण्याला) 'धडा करणे' म्हटलं तर चालेल का?

बाई, शब्द अस्सल आहे, पण इथे अर्धाच बसतो. वेंगुर्ल्याला आम्ही काजू बी घालायला जायचो, तेव्हा वखारवाला आधी रिकामी टोपली एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्यात दगड टाकून काटा मधोमध आणायचा, मगच बी ओतायचा. हा धडा. त्याने शून्य जागेवर येतं. समोरचं किलोचं वजन खरोखर किलोचं आहे का, हे त्याने कळत नाही.

या उपकरणात क्ष-किरणाचा एकेक कण सिलिकॉनवर आदळतो, विजेचा स्पंद उठतो, आणि स्पंदाच्या उंचीप्रमाणे तो एकेका खान्यात मोजला जातो. शून्य कुठल्या खान्यावर आणि दर खान्यामागे ऊर्जा किती, दोन्ही ठरवावं लागतं. पहिलं म्हणजे धडा. दुसऱ्यासाठी खात्रीचं वजन हवं. ते उपकरणातल्या फिरत्या चकतीवरच बसवलंय: टायटॅनियमच्या पातळ पत्र्याखाली लोह-५५, म्हणजे हळूहळू मँगॅनीज होत जाणारं किरणोत्सारी लोखंड. त्यातून मँगॅनीजच्या ५.९ आणि ६.५, तर पत्र्यातून टायटॅनियमची ४.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची (हे ऊर्जेचं एकक) रेषा, म्हणजे एकाच ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण, मिळते. लोह-५५ दर २.७ वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे रेषा मंदावतात. पण त्यांची ऊर्जा तसूभरही हलत नाही. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी वजनं कशी गंजतात ते आठवा, मग याचं मोल कळेल.

आता शब्द. अंशांकन म्हणजे कोऱ्या पट्टीवर अंश आखणं. ते उड्डाणाआधी जमिनीवर होतं. कक्षेत तापमान बदलतं, भारित कणांचा मारा होतो आणि आखलेल्या खुणा सरकतात. त्या पुन्हा जागेवर आणणं म्हणजे अंशशोधन. यातलं 'शोधन' मुद्रितशोधनातलं, शुद्ध करण्याचं; शोधाशोधीचं नव्हे. बरेच जण दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरतात. मी हा भेद पाळतो, कारण कामंच दोन आहेत. 'प्रमाणीकरण' मात्र नको, त्याने दाखल्यावरचा सहीशिक्का आठवतो. 'ऊर्जापट्टी' छान, 'ऊर्जाश्रेणी' लिहाल तर किती ते किती, असा अर्थ लागेल.

धडा टाकून देऊ नका. मुलांसाठी असं लिहा: "आधी धडा करून पासंग काढला, मग ओळखीच्या रेषांवरून पट्टीचं अंशशोधन केलं."